ओले हातमोजे, पंचतारांकित बर्फ

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात सेरफाउस नावाचं गाव आहे. वस्ती हजार-अकराशे, उंची सुमारे १,४३० मीटर. एवढ्याशा गावाला भुयारी रेल्वे आहे. १९८५ पासून ती चालू आहे. सव्वा किलोमीटरच्या अंतरात चार थांबे, चाकांऐवजी हवेची गादी आणि तिकीट नाहीच. एका टोकाला गावाबाहेरचा वाहनतळ, दुसऱ्या टोकाला डोंगरावर जाणाऱ्या केबलगाड्या. पाहुण्यांच्या मोटारींनी गावातला रस्ता तुंबायला लागला, म्हणून हा खटाटोप झाला. त्याचं पुण्य मात्र पदरात पडलं ते चिल्लीपिल्ली घेऊन येणाऱ्या आईबापांच्या.

चार वर्षांच्या मुलाला स्कीचे बूट घालून चारशे मीटर चालवलं, की या रेल्वेचं मोल कळतं. बूट कडक प्लास्टिकचे, त्यात घोटा वाकत नाही. मुलाने हौसेने उचललेली स्कीची जोडी दुसऱ्याच मिनिटाला बापाच्या खांद्यावर येते. त्याआधी आतले कपडे, त्यावर लोकरीचा थर, त्यावर बर्फातला डगला, टोपी, हेल्मेट, गॉगल, हातमोजे असा सगळा साजशृंगार अर्धा-पाऊण तास चाललेला असतो. तो पुरा होऊन हॉटेलचं दार उघडलं, की हेल्मेटच्या आतून आवाज येतो, "आई, शू." देश कुठलाही असो, आवाज हाच.

हिवाळी मुक्कामाच्या देखण्या हॉटेलांबद्दल जे छापून येतं, ते बहुतेक लॉबीबद्दल असतं. शेकोटी, मेंढीचं कातडं टाकलेल्या खुर्च्या, जुन्या लाकडाच्या तुळया, खिडकीत शिखर. हे सगळं खरंच सुंदर असतं आणि पहिल्या संध्याकाळी आवडतंही. पण सहा वर्षांच्या आतलं मूल बरोबर असेल, तर आठवडा कसा जाणार हे तीन गोष्टींवर ठरतं. खोलीपासून बर्फापर्यंतचं अंतर, ओले कपडे वाळवायची सोय आणि मुदपाकखान्याचं घड्याळ. हे तीन प्रश्न ज्यांनी सोडवले, तीच हॉटेलं मला खऱ्या अर्थाने देखणी वाटतात. बाकीची म्हणजे महागड्या फर्निचरचं प्रदर्शन.

मुळात ही हॉटेलं मुलांसाठी बांधलेलीच नव्हती. थंडीत आल्प्समध्ये राहायला जायचं ही कल्पनाच १८६४ च्या एका पैजेतून निघाली असं सांगतात. सेंट मॉरिट्झचे हॉटेलवाले योहानेस बाड्रुट यांनी उन्हाळ्यातल्या इंग्रज पाहुण्यांना म्हटलं, हिवाळ्यात येऊन बघा, ऊन मिळालं नाही तर प्रवासखर्च माझा. पाहुणे आले आणि रापलेल्या चेहऱ्यांनी परतले, अशी ती आख्यायिका. पुढे १८९६ मध्ये बाड्रुट घराण्याचं पॅलेस हॉटेल उघडलं आणि बर्फ ही श्रीमंतांची करमणूक झाली. शेजारच्या डाव्होसला लोक याच हवेसाठी यायचे, पण क्षयाचे रुग्ण म्हणून. तिथलं १९०० सालचं शात्साल्प हे आरोग्यधाम आता हॉटेल आहे. दुपारी उन्हात लांब व्हरांड्यावर पांघरूण घेऊन पडून राहायची आल्प्समधली पद्धत थेट या आरोग्यधामांतून आली. शांतता, विश्रांती, मोठ्यांनी मोठ्यांशी हळू आवाजात बोलणं, हा या हॉटेलांचा पिंड. त्यात दोन वर्षांचं कार्टं कुठे बसवायचं?

याला तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली, आणि आजही कुठलंही हॉटेल या तिन्हींपैकी एकाच्या गोतावळ्यात बसतं.

पहिलं उत्तर श्रीमंतांचं: मूल दाईकडे द्या. जुन्या ग्रँड हॉटेलांत मुलं वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत जेवत. १९१२ मध्ये उघडलेलं सेंट मॉरिट्झचं सुव्रेट्टा हाउस याचं आजचं, सभ्य झालेलं रूप आहे. हॉटेलची स्वतःची स्की-लिफ्ट आहे, दारातून थेट उतारावर जाता येतं, आणि मुलांसाठी 'टेडी क्लब' नावाची वेगळी जेवणाची खोली आहे. मोठे लोक कोट घालून झुंबराखाली जेवतात, तेव्हा मुलं आपल्या उंचीच्या खुर्च्यांवर पास्ता खातात. आपल्याकडच्या एकत्र जेवणाच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे सुरुवातीला टोचतं. पोराला वेगळं कसं बसवायचं? पण पाच पदार्थांचं, दोन तास चालणारं जेवण आणि तीन वर्षांचं मूल एका टेबलावर बसवणं ही त्या मुलाची शिक्षा असते, हे विसरून चालत नाही. साडेपाच-सहाला मुलाला जेवू घालून आठला झोपवायचं, हे घड्याळ आल्प्समधल्या हॉटेलांनी पाळलेलं दिसतं. मुंबई-पुण्यातून गेलेल्या, साडेनऊला जेवणाऱ्या कुटुंबाची मात्र तारांबळ उडते.

दुसरं उत्तर फ्रेंचांचं, आणि त्याचं मूळ शाळेत आहे. १९५३ मध्ये पॅरिसजवळच्या वांव्ह इथल्या एका शाळेतली मुलं शिक्षकांसकट सव्हॉयच्या डोंगरात नेली गेली. सकाळी वर्ग, दुपारी बर्फ. मॅक्स फूरेस्टिए या डॉक्टरांचा त्यामागे आग्रह होता, की शहरी मुलांना हवा आणि व्यायाम मिळाला तर अभ्यासही सुधारतो. 'क्लास द नेज' म्हणजे बर्फशाळा ही कल्पना पुढे देशभर पसरली आणि कित्येक सामान्य घरांतल्या फ्रेंच मुलांनी पहिला बर्फ शाळेबरोबर पाहिला. याच काळात क्लब मेड या फ्रेंच पर्यटन कंपनीने १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लेझां इथे आपलं पहिलं हिवाळी गाव उघडलं आणि १९६७ मध्ये 'मिनी क्लब' सुरू केला. सकाळी मूल आमच्या ताब्यात द्या, संध्याकाळी घेऊन जा. आजही त्यांची विभागणी जवळपास तशीच आहे. चार महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत एक गट, दोन-तीन वर्षांचा दुसरा, चारपासून दहापर्यंत तिसरा. मोठ्या गटाचे पैसे मुक्कामाच्या रकमेत धरलेले असतात. लहान दोन गटांचे वेगळे मोजावे लागतात आणि जागा लवकर संपतात. दीड वर्षाच्या मुलासाठी पाळणाघर 'उपलब्ध आहे' आणि ते 'तुम्हाला मिळेल' यात महिनोन् महिन्यांचं अंतर असतं, हे आरक्षण करताना कुणी आपणहून सांगत नाही.

याच विचाराचं सगळ्यात देखणं रूप म्हणजे आव्होरियाझ. १९६० च्या ऑलिंपिकमध्ये डाउनहिल शर्यत जिंकणाऱ्या जाँ व्हुआर्ने यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं हे गाव १९६६ मध्ये सुरू झालं. उभ्या कड्यावर लाकडाच्या खवल्यांनी मढवलेल्या, डोंगराशी स्पर्धा न करता त्यात मिसळणाऱ्या तिरक्या इमारती, आणि गावात मोटारीला पूर्ण बंदी. रस्त्यावर बर्फच असतो, सामान घोड्याच्या नाहीतर बर्फावर चालणाऱ्या गाडीने येतं. ग्रनोबल ऑलिंपिकची पदकविजेती स्कीपटू आनी फामोझ हिने इथे गावाच्या मधोमध मुलांचं वेगळं गाव वसवलं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाचं बोट सोडलं आणि ते दहा पावलं पळालं, तर समोर मोटार नाही, ही केवढी चैन आहे हे कळायला आपल्या कुठल्याही शहरातल्या फुटपाथवर एकदा मुलाला घेऊन चालावं.

फ्रान्समध्येच फ्लेनही आहे. मार्सेल ब्रॉयर या बाउहाउस परंपरेतल्या वास्तुकाराने काँक्रीटमध्ये घडवलेलं, १९६९ मध्ये उघडलेलं. चौकात पिकासो आणि द्युब्युफे यांची मोठी शिल्पं. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ते पाहून भरून येतं, बाकी अनेकांना ती पार्किंगची इमारत वाटते. माझं मत ब्रॉयरच्या बाजूने आहे, पण कारण सौंदर्याचं नाही. इमारती दाटीने, उताराच्या पायथ्याशी उभ्या आहेत आणि त्यामुळे दारापासून लिफ्टपर्यंतचं चालणं कमी आहे. नक्षीदार लाकडी सज्जांची गोंडस शॅले दरीभर विखुरलेली असतात. त्यांच्या आणि बर्फाच्या मध्ये एक बस असते, आणि त्या बसमध्ये सकाळी नऊला स्की हातात धरून उभे असलेले दीडशे लोक असतात.

तिसरं उत्तर ऑस्ट्रियातलं. ते दाईचंही नाही आणि शाळेचंही नाही, ते कुटुंबाने चालवलेल्या हॉटेलांचं आहे. कारिंथियातलं ट्रेबेसिंग हे गाव युरोपातलं पहिलं बेबीहॉटेल आपलं असल्याचं सांगतं. मूल हाच मुख्य पाहुणा, आईबाप त्याच्याबरोबर आलेले, असा तिथला उलटा हिशोब. पुढे 'किंडरहोटेल' हा सगळा एक प्रकारच रूढ झाला. बाबागाडी, बाटली उकळायचं भांडं, रात्री रडण्याचा आवाज ऐकवणारं यंत्र, उंच खुर्ची, डायपर बदलायचं टेबल हे सगळं तिथलंच. आपण फक्त मूल घेऊन जायचं. हिमालयात काय किंवा कोकणात काय, सहा महिन्यांच्या बाळाबरोबर प्रवास करताना आपण अर्धं घर बांधून नेतो. ती गरज संपली, तर आईच्या पाठीला केवढा आराम मिळतो! दक्षिण टिरोल म्हणजे इटलीतला जर्मन बोलणारा भाग. तिथेही हेच वारं आहे. व्हाल गार्देनातलं काव्हालिनो बियांको हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव.

या हॉटेलांवर शिष्ट प्रवाशांचा एक आक्षेप असतो, की सगळीकडे भडक रंग, शुभंकर प्राणी, घसरगुंड्या आणि नाचगाणी. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पण गेल्या काही वर्षांत या प्रकारातली नवी हॉटेलं पाहिली, तर चित्र बदललं आहे. फिकट लाकूड, लोकर, दगड, साध्या रेषा आणि खेळायची खोली तळघरात नाही, उजेडाच्या बाजूला. घसरगुंडी आहे, पण तीही लाकडाची. याउलट प्रौढांच्या अभिरुचीची म्हणून मिरवणारी काही हॉटेलं मुलांच्या दृष्टीने धोकादायकच असतात. उघडी शेकोटी, टोकदार काँक्रीटचे कट्टे, बारीक दांड्यांचे कठडे, पांढरे गालिचे. आईबापांचा सगळा आठवडा "हात लावू नकोस" म्हणण्यात जातो. त्यापेक्षा काही हॉटेलं सरळ 'फक्त प्रौढांसाठी' अशी पाटी लावतात. दक्षिण टिरोलमध्ये आणि ऑस्ट्रियात अशी हॉटेलं बरीच आहेत. लोक त्यांच्यावर रागावतात. मला ती प्रामाणिक वाटतात. मुलं चालतील म्हणून सांगायचं आणि नाश्त्याच्या वेळी कपाळाला आठ्या घालायच्या, त्यापेक्षा हे बरं.

आता वाळवणीच्या खोलीकडे येऊ, कारण जाहिरातीत तिचा फोटो कधीच नसतो. आल्प्समधल्या चांगल्या हॉटेलात तळमजल्यावर स्की ठेवायची खोली असते. तिथे गरम हवेच्या नळ्यांवर बूट उलटे अडकवतात, हातमोज्यांसाठी वेगळ्या खुंट्या असतात, आणि सकाळी सगळं कोरडं आणि कोमट मिळतं. लहान मूल बर्फात उभं राहत नाही, ते बर्फात लोळतं. दीड तासात हातमोजे चिंब होतात. ओल्या हातमोज्यांत बोटं गारठतात आणि मग जे रडणं सुरू होतं, त्याला शिखर, शेकोटी, पंचतारा काहीच पुरे पडत नाही. म्हणून अनुभवी लोक हातमोज्यांचे दोन जोड घेतात आणि हॉटेल निवडताना ही खोली कुठे आहे ते विचारतात.

तलावाचंही असंच. मुलाला आठवड्याच्या शेवटी काय आवडलं म्हणून विचारा, दहापैकी आठ वेळा उत्तर 'स्विमिंग पूल' असतं. पोहण्यापेक्षा डुंबायला पाणी जास्त गरम लागतं, बत्तीस अंशांच्या आसपास. पोहणाऱ्यांसाठी ठेवलेल्या अठ्ठावीस अंशांत दोन वर्षांचं मूल दहा मिनिटांत निळसर होतं. सॉनाबद्दल मात्र मराठी कुटुंबाला आधी सांगून ठेवलेलं बरं. ऑस्ट्रिया-जर्मनीकडे सॉनात स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र बसतात, पोहण्याचा पोशाख घालून आत जाणं तिथे असभ्य समजतात. मुलांना त्या भागात बहुधा मज्जाव असतो. कौटुंबिक हॉटेलांत पोशाखासकट बसायची वेगळी सॉना असते. दारावरची पाटी वाचल्याशिवाय सहकुटुंब दार उघडू नये, एवढंच.

जेवणाची अडचण वाटते तेवढी नसते. 'हाफ बोर्ड' पद्धतीत नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलचं असतं, आणि मुलांच्या टेबलावर पास्ता, बटाटे, सूप, भात यांतलं काहीतरी असतंच. शाकाहारी मुलाचं भागतं. काइझरश्मार्न नावाचा तुकडे केलेला गोड धिरड्याचा प्रकार मुलांना हमखास आवडतो. त्यात अंडं असतं, आणि मनुका कधीकधी रममध्ये भिजवलेल्या असतात, तेवढं विचारून घ्यावं. खोलीत कुकर लावायची परवानगी नसते. पण गरम पाणी, मऊ भात आणि घरून नेलेलं मेतकूट यांवर मराठी मुलांचा आठवडा निघू शकतो.

युरोपातल्या बर्फाशी मराठी माणसाची ओळख मुख्यतः मे महिन्यातली. सहलीच्या बसमधून टिटलिस नाहीतर युंगफ्राउयोखला जायचं, ३,००० मीटरच्या वर दोन तास गोळे मारायचे, खाली येऊन वरणभात जेवायचा. तिथे बर्फ हे पाहायचं स्थळ आहे. त्याच डोंगरात हिवाळ्यात सात दिवस एकाच खोलीत राहायचं हा वेगळाच व्यवहार आहे. अलीकडे तो करणारी मराठी कुटुंबं दिसतात, ती बहुतेक म्युनिक-स्टुटगार्टकडे नोकरीला गेलेली. म्युनिकहून टिरोल दोन-अडीच तासांवर. त्यांच्या मुलांना हॉटेलच्या पाळणाघरातल्या ताईचं जर्मन आईबापांपेक्षा चांगलं कळतं, त्यामुळे सकाळचा निरोपही लवकर आटपतो. भारतातून थेट गेलेल्या तीन वर्षांच्या मुलाला मात्र अनोळखी भाषेत, अनोळखी माणसांत पहिल्याच दिवशी तीन तास सोडणं कठीण जातं. पहिला दिवस आई बरोबर बसेल असं धरूनच चालावं.

स्की शिकवण्याच्या वयाबद्दल भाबड्या अपेक्षा फार. फ्रेंच स्की-शाळेचा 'पिऊपिऊ' म्हणजे चिमण्या पिल्लांचा वर्ग तीन वर्षांपासून असतो, स्विस शाळांमध्ये स्नोली नावाचा ससा असतो. सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं, घसरत खाली यायचं. तीन वर्षांच्या मुलासाठी हा खेळ आहे आणि तो खेळ म्हणूनच विकत घ्यावा. खरं वळण घेता येणं, थांबता येणं हे पाचाच्या पुढे सहज जमू लागतं. अर्ध्या दिवसाचा वर्ग पुरे. पूर्ण दिवसाच्या वर्गानंतर जेवताना मूल ताटात झोपतं. हेल्मेटबद्दल वाद घालायला जागाच नाही. इटलीत ते आधी चौदा वर्षांखालच्या मुलांना सक्तीचं होतं, मग अठरापर्यंत झालं आणि नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्यांनाच. ऑस्ट्रियाच्या बहुतेक राज्यांत पंधराखालच्या मुलांना ते लागतंच. आणि दोन वर्षांच्या मुलासाठी स्कीपेक्षा बर्फावरची साधी घसरगाडी कधीही सरस.

जपानमध्ये या प्रश्नाला आणखी एक कंगोरा आहे. होक्काइदोतल्या तोमामूसारख्या ठिकाणी बर्फ भुसभुशीत आणि भरपूर, मुलांची सोय चोख, क्लब मेडही २०१७ पासून तिथे आहे. पण अनेक ओन्सेन म्हणजे गरम झऱ्यांच्या स्नानगृहांत डायपरमधल्या बाळांना प्रवेश नसतो. तासाच्या हिशोबाने मिळणारं कुटुंबाचं खासगी स्नानगृह हा त्यावरचा उपाय, आणि तो फार सुखाचा आहे.

आता आपल्या जवळचा बर्फ. गुलमर्ग हे आपल्याकडचं खरं हिवाळी मुक्कामाचं ठिकाण. इथे १९२७ मध्ये इंग्रजांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला. नेडूज हे हॉटेल तर त्याही आधीचं, एकोणिसाव्या शतकातलं. गोंडोला म्हणजे इथल्या केबलगाडीचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. २०१२ च्या अखेरीला खैबर हे हॉटेल उघडलं आणि देवदार, अक्रोडाचं कोरीव काम, गालिचे, तापवलेल्या पाण्याचा तलाव असं आंतरराष्ट्रीय तोलाचं देखणेपण तिथे आलं. गोंडोला हाकेच्या अंतरावर. म्हणजे अंतराचा प्रश्न सुटला.

पण उंचीचा प्रश्न आहे आणि त्याची चर्चा होत नाही. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. युरोपातलं सगळ्यात उंच स्की-गाव म्हणून मिरवणारं व्हाल तोरांस २,३०० मीटरवर आहे, झेरमाट १,६०० वर. आल्प्समध्ये आपण दिवसा वर जातो आणि रात्री खाली झोपतो. गुलमर्गला झोपच उंचावर होते. मुंबईहून सकाळचं विमान पकडून संध्याकाळी गुलमर्गला पोचलेलं बोलतं मूल डोकं दुखतंय म्हणून सांगेल. वर्षा-दीड वर्षाचं बाळ फक्त चिडचिडेल, दूध टाकेल, झोपणार नाही. आणि आपण म्हणणार, प्रवासाने दमलंय. १,५८५ मीटरवरच्या श्रीनगरला एक-दोन रात्री काढून वर जाणं हा साधा शहाणपणा आहे. आणि लहान मूल असेल तर गोंडोलाचा पहिला टप्पा, कोंगडोरीपर्यंतचा, पुरे. जवळजवळ ४,००० मीटरवरच्या अफरवटला त्या बाळाचं काहीही अडलेलं नसतं. तिथे जायची हौस आपली असते.

उन्हाचंही तेच. उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. त्यामुळे टोपीची झालर पुरत नाही, हनुवटीखालीही मलम लागतं. खोलीतली ऊब ही आणखी सांभाळायची गोष्ट. मोठ्या हॉटेलांत रेडिएटर असतात आणि हवा इतकी कोरडी होते, की मुलांच्या नाकातून रक्त येतं. ओला टॉवेल टांगून ठेवला की बरं पडतं. साध्या हॉटेलांत बुखारी म्हणजे खोलीतली शेगडी नाहीतर कोळशाची कांगडी असते. बंद खोलीत जळता कोळसा ठेवून झोपणं जीवघेणं आहे, इथे 'एक रात्र चालवून घेऊ' असं म्हणू नये.

गुलमर्गची मोठी उणीव पाळणाघराची. नोकरवर्ग मुलांवर जीव टाकतो. काश्मिरी माणूस परक्याचं मूल कडेवर घेतो तसं आल्प्समध्ये कुणी घेणार नाही. पण नेमून दिलेल्या वेळात, शिकलेल्या माणसाच्या ताब्यात मूल देऊन आईबापांनी तीन तास बर्फात जावं, ही व्यवस्था तिथे अजून रुजलेली नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर प्रश्न सुटतो, आणि मराठी कुटुंबं बहुधा तशीच जातात. फक्त मग आजीचा सगळा आठवडा खोलीच्या खिडकीतून बर्फ बघण्यात जातो. लाकडी स्लेज ओढणाऱ्यांशी भावाची घासाघीस हा तिथला दुसरा नित्यनेम. हॉटेलातून दर विचारून निघालं की भांडण टळतं. हवामानाचीही खात्री राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऐन मोसमात गुलमर्गची कुरणं तपकिरी होती. आणि २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर, ज्यात महाराष्ट्रातले पर्यटकही गेले, काश्मीरला मुलांना न्यायचं का हा प्रश्न घराघरांत वेगळ्या वजनाने विचारला जातो. त्याचं उत्तर आढावा घेणाऱ्या लेखकाने देऊ नये.

बाकी पर्याय थोडक्यात. औलीचा उतार सुंदर, पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ खचू लागल्यावर तिथला रोपवे बंद झाला, आणि हॉटेलं साधीच आहेत. मनालीत मुक्कामाची ऐट वाढली आहे. २०२० मध्ये अटल बोगदा उघडल्यापासून सिस्सूचा बर्फ सहज गाठता येतो. पण तिथे हॉटेल एकीकडे आणि बर्फ तास-दीड तासावर, मध्ये मोटारींची रांग आणि रस्त्याकडेला भाड्याचे ओलसर डगले नि गमबूट. सेरफाउसने १९८५ मध्ये सोडवलेला प्रश्न तिथे अजून रांगेत उभा आहे. मुलाला एकदा बर्फ दाखवायचा असेल तर मनाली पुरे, त्यासाठी पंचतारांकित खोलीवर पैसे घालायचं कारण नाही.

पैशांबद्दल एकच गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे कुठला आठवडा. नाताळ ते सहा जानेवारी आणि फेब्रुवारीतल्या शाळेच्या सुट्ट्या हे आल्प्समधले सोन्याच्या भावाचे दिवस. फ्रान्स तर गर्दी वाटली जावी म्हणून देशाचे तीन विभाग करून फेब्रुवारीची सुट्टी पाळीपाळीने देतो. नाताळ आणि या सुट्ट्या यांच्या मधला जानेवारी रिकामा असतो, दर खाली येतात, वर्गात पाचच मुलं असतात आणि पाळणाघरात जागा मिळते. थंडी कडक आणि दिवस लहान, हा त्याचा तोटा. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी मी मार्चचा मध्य निवडेन. ऊन कोवळं, दुपारी मऊ बर्फ, बाहेर जेवता येतं. फक्त गाव खूप खालच्या उंचीवरचं नको, नाहीतर बर्फाऐवजी चिखल मिळतो. पहाटेच्या विमानाने उतरून तीन तास मोटारीत बसण्याऐवजी स्वित्झर्लंडमध्ये रेल्वे घ्यावी. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, आणि काही गाड्यांत वरच्या मजल्यावर घसरगुंडी असलेला मुलांचा डबाच असतो.

आरक्षणाआधी फोन करावा, पत्र नको. स्कीची खोली कुठल्या मजल्यावर आहे, मुलांचं जेवण किती वाजता, तलावाचं पाणी किती अंश, अठरा महिन्यांच्या मुलाला नेमक्या त्या आठवड्यात पाळणाघरात जागा आहे का, हे विचारावं. पलीकडचा माणूस बघून सांगतो म्हणाला तर हरकत नाही. तो लॉबीतल्या शेकोटीबद्दल बोलू लागला तर दुसरा नंबर फिरवावा. आणि मूल बालवाडीत असेतोवरच जानेवारीतला किंवा मार्चमधला आठवडा मागावा. पहिलीत नाव घातलं, की आपल्या वाट्याला नाताळचे दर येतात.